येतो म्हणजे जातो

बोटीवरून,
२ जून

वहिनी,

हे पत्र लिहायचं मी आल्या दिवसापासून टाळतोय. कारण विचाराल तर धड कारणही नाही. पेन आहे, कागद आहे, इंजिनच्या मिस्त्रींनी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा मोकळा करून दिलाय. पण बसलो की कोणीतरी हाक मारतं, नाहीतर एखादा पांढरा पक्षी येऊन पाइपावर बसतो, आणि तो उडेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहतो. तोही उडायचं टाळतो. आज लाँच येणार. ती आठवड्यातून एकदाच येते, म्हणून नाइलाजाने बसलोय.

ही बोट म्हणजे बोट नव्हेच. नदी समुद्राला मिळते तिथे गाळ साचतो, तो उपसायचा आणि लांब नेऊन टाकायचा. टाकलेला गाळ भरतीबरोबर परत येतो असा मला दाट संशय आहे, पण मिस्त्री म्हणाले, "हे मोठ्याने बोलू नकोस, सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील." माझं काम गंज खरवडायचं आणि रंग लावायचं. एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचावं, तर पहिल्या टोकाला पुन्हा गंज. फोनला इथे रेंज नाही. कप्तानाकडे एक रेडिओ आहे, त्यावर हवामान ऐकू येतं आणि दुसऱ्या बोटींच्या कप्तानांच्या शिव्या.

म्हणून तर खटारा तुमच्या ताब्यात दिला. दादाला दिला असता तर त्याने कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलं असतं. तो म्हणतो खेळ आहे. खेळ आहेच, मी कुठे नाही म्हणतोय. पण टायरचं दुकान सुटलं, लाँड्री सुटली, रोपवाटिका सुटली, आणि खटारा सुटला नाही. भंगारातली एकेक पट्टी जोडून मी ते यान बांधलंय. त्या खेळात एकदा यान गेलं की गेलं, परत मिळत नाही. तुमचा पाय प्लास्टरमध्ये आहे, हॉस्पिटलातली तुमची चौकशीची खिडकी महिनाभर बंद आहे, तेव्हा तुमच्याशिवाय कोण?

तर आता नीट वाचा. अवकाशात जिवंत राहायचं म्हणजे:

हवेचा काटा हिरव्यात दिसला तरी हवा भरा. तो काटा थापा मारतो. लाल व्हायला लागला की समजा कधीच उशीर झालाय.

खटारा ज्या धोंड्याला बांधलाय तो सोडून कुठे जाऊ नका. तिथे दगड कमी येतात. जे येतात ते उजवीकडून, म्हणून उजवी बाजू दुहेरी पत्र्याची केलीय. त्या पत्र्याची एक गंमत आहे. मी रोपवाटिकेत होतो तेव्हा मालकाने एक लोखंडी झारा फेकून दिला होता, त्याची जाळी बघून मला ही कल्पना सुचली. तो मालक विचित्र होता. झाडांशी बोलायचा आणि माणसांना पाणी घालायचा. एकदा त्याने

मिस्त्री सांगतायत लाँच दिसली. सगळ्यात महत्त्वाचं दाराचं सांगायचं होतं. ते पुढच्या पत्रात. तोवर हवा भरत राहा.

तुमचा दीर


घरून,
६ जून

भावजी,

पत्र मिळालं. रोपवाटिकेच्या मालकाने एकदा काय केलं ते अर्धंच राहिलं, दाराचंही राहिलं. दोन्हींपैकी दाराचं आधी लिहा.

हवा भरतेय. सकाळी उठले की आधी तुमची हवा, मग आमचा चहा. पाय उशीवर, उशी स्टुलावर, माऊस मांडीवर, असा माझा दरबार असतो. ह्यांचं डोकं फिरायचं बाकी आहे. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतात आणि घरी आल्यावर माझ्याकडे बघत उभे राहतात. "तुझे डोळे खराब होतील." म्हटलं, होऊ देत, चष्मा घरचाच आहे. तर म्हणाले, "त्याला लिही, बोटीचं काम तरी पुरं कर. कप्तान माझ्याकडून चष्मा नेतो, त्याच्यापाशी मी शब्द टाकलाय. ह्या वेळी मध्येच पळालास तर मला तोंड दाखवायला जागा नाही." लिहिलं. माझं काम झालं.

आता बातमी. परवा दगड लागला. उजवीकडून नव्हे, खालून. मजघरात भोक पडलं आणि हवा सूं करून जायला लागली. मी घाबरून माइकचं बटण दाबलं आणि म्हटलं, "अहो, कोणी आहे का? हे यान माझं नाही हो, मी मालकाची वहिनी आहे." मग खाली अक्षरं आली, "वहिनी, घाबरू नका. पोचतो."

एक गृहस्थ आले. खेळातलं नाव गवंडी. बाहेरूनच पत्रा ठोकला, चिरा बुजवल्या, आत यायचं नावसुद्धा काढलं नाही. वर सांगितलं, "बाहेरचा दिवा बंद ठेवत जा. दिवा बघून दगड येत नाहीत, माणसं येतात." मला ते पटलं. तेव्हापासून त्या भागातली सगळी माणसं मला वहिनी म्हणतात. खिडकीवर बसून माझी एवढी वर्षं गेली, पण तिथे सगळे नुसतं "ओ मॅडम" करतात.

गवंडी रोज चक्कर टाकतात. खरंच तुमची ओळख नाही का त्यांच्याशी?

वहिनी


बोटीवरून,
९ जून

वहिनी,

नाही. नाही. नाही. कोण गवंडी? मी ह्या नावाच्या माणसाला ओळखत नाही आणि तुम्हीही ओळखत नाही.

तुमचं पत्र मी रंगाच्या डब्यावर बसून वाचलं आणि उठलो तेव्हा पँट डब्याला चिकटली होती. मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही. इथून मला काही करता येत नाही हे किती चीड आणणारं आहे ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही सहा तारखेला लिहिता, मी नऊला वाचतो, माझं उत्तर तुम्हाला अकराला नाहीतर बाराला मिळणार. तेवढ्या वेळात तो माणूस घर बांधून राहायला येईल.

दाराचं सांगतो. ह्या वेळी झाडबिड काही नाही, सरळ दार.

दार कुणालाही उघडायचं नाही. रडणारा येईल, म्हणेल माझी हवा संपलीय, दोन मिनिटं आत घ्या. त्याची हवा संपलेली नसते. हरवलेला येईल, म्हणेल नकाशा दाखवा. त्याला नकाशा पाठ असतो. दुरुस्तीवाला हा सगळ्यांत वाईट, कारण तो खरोखरच दुरुस्ती करतो. फुकट. आणि त्याच्या सूचना बरोबर असतात, वहिनी, तीच तर मेख आहे. दिव्याचं त्याने बरोबर सांगितलं. चुकीचं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशीच त्याला ओळखलं असतंत. तो दगडसुद्धा त्यानेच मारला असेल. खालून दगड येत नसतात.

मी स्वतः आलो तरी दार उघडू नका. माझ्या नावाने कोणीही येऊ शकतं.

आणि खुर्ची. पुढच्या खोलीतली मोठी खुर्ची मालकाची. परका माणूस तिच्यात बसला की मुदत सुरू होते. मुदत संपेपर्यंत मालकाने हरकत घेतली नाही तर यान त्याचं. खेळवाल्यांचा नियमच आहे तसा, ओस पडलेली यानं वापरात यावीत म्हणून.

दादाला सांगा, पळत नाहीये. पळून जाणार कुठे, चहूकडे पाणी आहे. आज दिवसभर नांगराच्या साखळीचा गंज काढला. त्या साखळीला शिंपले चिकटतात ना, ते आधी मऊ असतात, मग इतके टणक होतात की छिन्नी लागते. मिस्त्रींनी त्याची एक

ते राहू दे. दार बंद ठेवा.

तुमचा दीर


घरून,
११ जून

भावजी,

तुमचं पत्र अजून आलं नाही. त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, म्हणून मीच लिहिते. खटाऱ्यात माणसं शिरलीत.

कसं ते सांगते, मधे बोलू नका. काल दुपारी गवंडी आले. मी म्हटलं, रोज बाहेरच्या बाहेर जाता, बरं दिसत नाही, आत या. नको नको म्हणत आले. पाचेक मिनिटं थांबले, माझ्या पायाची चौकशी केली, हवेची टाकी बघून "छान ठेवलीय" म्हणाले. निघताना लिहिलं, "बरंय वहिनी, येतो."

आणि गेले. मी दार उघडं ठेवलं.

का ठेवलं? येतो म्हणाले म्हणून. मला वाटलं, बाहेरून काहीतरी घेऊन परत येतायत. त्या दाराला आतूनच कडी, बाहेरचा माणूस बाहेर राहिला तर त्याची हवा संपते हे मला आता माहीत झालंय. माणूस येतो म्हणून गेला आणि आपण त्याच्या तोंडावर दार लावायचं? मी चहा ओतून आणला. लंगडत आणला, त्यात जरा वेळ गेला. बघते तर आत तीन अनोळखी, आणि त्यातला एक खुर्चीत.

मी ओरडून गवंडींना बोलावलं. ते लगेच बोलले, कुठे गेलेच नव्हते, बाहेर उभे होते.

"काय झालं वहिनी?"

म्हटलं, "अहो, तुम्ही येतो म्हणालात."

"मग? निरोप घेतला मी. घरातून निघताना जातो म्हणतं का कोणी? येतो म्हणजे जातो. वहिनी, तुम्ही मराठीच ना?"

ते तिघं हसले. हसण्याचं एक चित्र असतं, ते ओळीने आलं.

भावजी, मी रोज शेकडो माणसांशी बोलते. एक्स-रे कुठे, रक्त कुठे, बाळंतपणाचा वॉर्ड कुठे. मला बोलण्यात कोणी गुंडाळलेलं नाही. आणि ह्या माणसाने मला माझ्याच बोलीत पकडलं. मला राग येतो तो ह्याचाच. जातो म्हणाला असता तर मी लगेच कडी लावली असती.

पण मी बाहेर पडलेले नाही. सामानाच्या खोलीत शिरून आतून कडी लावलीय. पंचांना, म्हणजे खेळवाल्यांच्या त्या निवाडा करणाऱ्यांना, मी लिहून विचारलं. ते म्हणाले, मालकाचा माणूस आत आहे तोवर यान धोंड्यावरून हलवता येणार नाही. पण हरकत मालकानेच घ्यायची. मुदत पाच जुलैपर्यंत. मालकाने स्वतः हजर होऊन, त्यांच्यासमोर, स्वतःच्या तोंडाने बोलायचं. वहिनी चालत नाही. मी विचारून बघितलं.

तेव्हा आता काय करायचं ते सांगा.

वहिनी

ता. क. पाकीट बंद करत होते आणि तुमचं पत्र आलं. "मी स्वतः आलो तरी दार उघडू नका." वाचलं.


बोटीवरून,
१६ जून

वहिनी,

आधी मी दोन पानं लिहिली होती, ती फाडून पाण्यात टाकली. त्यात मी बरंच बोललो होतो. थोडक्यात एवढंच की चहाला कशाला उठलात. हवेत माणूस तरंगतोय आणि तुम्ही चहा ओतताय.

तो अकरा तारखेचा कागद मी खिशात घेऊन फिरतोय. रंग लावताना ब्रश उलटा धरला गेला. मुकादम म्हणाला, "लक्ष कुठेय?" म्हटलं, धोंड्यावर. त्याला वाटलं मी त्याच्याबद्दल बोलतोय.

मग कप्तानाकडे गेलो. हा माणूस वाईट नाही, फक्त ऐकताना डोळे मिटतो, त्यामुळे झोपलाय की विचार करतोय ते कळत नाही. मी म्हटलं, दोन दिवस किनाऱ्यावर जायचंय, घरचं काम आहे.

"कोणी आजारी?"

"नाही."

"कोणी गेलं?"

"अजून नाही."

"मग काय आहे?"

आता त्याला काय सांगू? अवकाशात एका खुर्चीत कोणीतरी बसलंय म्हणून? मी म्हटलं, माझ्या जागेवर कोणीतरी कब्जा केलाय. हे खरंच होतं. त्याने एक डोळा उघडला. "जागा आहे तुझी? बरं आहे. तर ऐक. इथला नियम एकच. बदली दे आणि जा. तुझ्या जागी उभा राहील असा माणूस लाँचमधून आला, की तू त्याच लाँचने जा आणि पुढच्या लाँचने परत ये. बदली नाही तर रजा नाही. रजेशिवाय गेलास तर परत येऊ नकोस, आणि तुझ्या भावालाही माझ्याकडून सांग, पुढचा चष्मा मी दुसरीकडून घेईन."

बदली कुठून आणू? लाँड्रीतल्या मित्राला चिठ्ठी धाडलीय. तो येणार नाही. मी त्याला कपड्यांच्या ढिगात टाकून निघालो होतो.

तुम्ही सामानाच्या खोलीतून हलू नका. तिथे उजव्या फळीवर वाळवलेल्या अन्नाचे डबे आहेत, ते पुरवून खा. हवेची नळी तिथे वेगळी आहे, ती मीच टाकली होती, बाकीच्यांना माहीत नाही. ते तुम्हाला बाहेर काढायला काय वाटेल ते सांगतील. आग लागली म्हणतील. मी आलो म्हणतील. ऐकू नका.

आणि एक विचारतो, रागावू नका. येतो म्हटल्यावर दार उघडं ठेवतं का कोणी?

तुमचा दीर


घरून,
२० जून

भावजी,

रागावले. तरी उत्तर देते.

हो, ठेवतं. टायरच्या दुकानातून निघालात तेव्हा मालकाला काय म्हणालात? येतो. लाँड्रीत? येतो. रोपवाटिकेत त्या झाडांशी बोलणाऱ्या माणसाला? इथून बॅग घेऊन निघालात तेव्हा दारात उभे राहून तुम्ही मला आणि ह्यांना येतो म्हणालात. ती सगळी माणसं कडी काढून बसलीत की नाही, जाऊन बघा एकदा. तुम्ही आणि तो गवंडी एकच भाषा बोलता. मला दोष देऊ नका.

झालं माझं बोलून. आता कामाचं.

मी आतच आहे. आग लागली म्हणाले. मी विचारलं, "कोणत्या मजल्यावर?" त्यांना वाटलं यानाला मजले आहेत, शोधत बसले. दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, "वहिनी, तुमचे भावजी आलेत, दारात उभे आहेत." म्हटलं, "त्यांना म्हणावं, रोपवाटिकेच्या मालकाने एकदा काय केलं ते सांगा." तो म्हणाला, "ते म्हणतात, आठवत नाही." म्हटलं, आठवेल तेव्हा या, दुपारी खिडकी बंद असते.

माणसाला दिवसभर उभं कसं ठेवायचं आणि तरी तो आभार मानून कसा गेला पाहिजे, हे मला कोणी शिकवायला नको. खुर्चीतल्याला मी सांगितलंय की यानाची कागदपत्रं माझ्यापाशी आहेत, पण त्यावर गवंडींची सही लागेल, आणि गवंडींनी आधी मागच्या भोकाच्या दुरुस्तीचा दाखला द्यायला हवा. असली कागदपत्रं नसतातच. आता ते आपसांत भांडतायत. गवंडी म्हणतो मी सही करणार नाही, खुर्चीतला म्हणतो तू आधीपासूनच आम्हाला फसवायला बघतोयस. ऐकायला बरं वाटतं. पण ह्याने पाच तारीख पुढे जात नाही. पंचांसमोर तुम्हीच लागता.

आणि खरं सांगू, मी दमलेय. बसून बसून पायापेक्षा पाठ दुखते. कॉम्प्युटरपासून उठले की भीती वाटते, उठले नाही की चीड येते. हे कशासाठी चाललंय असं मधेच वाटतं. मग तुमची ती उजवीकडची झाऱ्यासारखी जाळी दिसते, एकेक पट्टी हाताने लावलेली, आणि मी परत बसते. तुम्ही कुठेतरी टिकून राहिलात त्याचा हा एकच पुरावा आहे. तो त्या हसणाऱ्यांच्या हाती कसा देऊ?

ह्यांनी तुमचं बदलीचं पत्र वाचलं. मी म्हटलं, निदान कप्तानाला सांगून बघा, तुमचं गिऱ्हाईक आहे. तर म्हणाले, "नियम त्याचा आहे, मी मोडायला सांगणार नाही." आणि दुकानात निघून गेले. तुमच्या घरातल्या माणसांच्या स्वभावावर मी काय बोलू.

मात्र एक ऐका. काम टाकून येऊ नका. तसं करून खटारा वाचवलात तर मला तो वाचल्यासारखा वाटणार नाही.

वहिनी


बोटीवरून,
२३ जून

वहिनी,

लाँड्रीतल्या मित्राचं उत्तर आलं. त्याने एकच शब्द लिहिलाय आणि तो मी इथे लिहू शकत नाही.

मुकादमाच्या मेहुण्याला विचारलं, त्याला ह्या कामाचं नावच नको. लाँचवाल्याला म्हटलं, तूच थांब माझ्या जागी. म्हणाला, "मग लाँच कोण नेईल?" म्हटलं, मी नेतो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच विषय बदलला.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. टिकून राहिल्याचा पुरावा म्हणालात. आणि मग म्हणता, काम टाकू नका. दोन्ही एकदम कसं जमायचं? इथे टिकलो तर खटारा जातो. खटारा धरला तर बोट जाते, दादाचा शब्द जातो, आणि पुन्हा मी तोच, अर्ध्यात निघून जाणारा. मला वाटलं होतं, दूर आलं की डोकं शांत होतं. डोकं कसलं शांत होतंय. गंज खरवडताना प्रत्येक ठोक्याला मी त्या गवंड्याला शिव्या देतो. आज त्यातली एक इतकी मोठ्याने दिली की कप्तानाने रेडिओ बंद करून कान दिले.

मी ठरवलंय. तीस तारखेच्या लाँचने मी निघतो. कप्तानाला सांगून टाकलं. तो म्हणाला, "बरं," आणि डोळे मिटले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादाला हे तुम्ही सांगा. माझ्याच्याने होणार नाही. सांगताना त्याच्या समोर चहा असू दे.

आणखी एक सूचना, म्हणजे सूचनाच म्हणायची तर. सामानाच्या खोलीत छताला एक लहान खिडकी आहे. घाबरल्यासारखं झालं तर तिच्यातून बाहेर बघा. तिथून धोंड्याची कड दिसते आणि तिच्यावर कधी कधी उजेड पडतो. मी तिथे तासन्‌तास बसलोय. जगायला त्याचा काही उपयोग नाही. पण बघा.

तुमचा दीर


बोटीवरून,
३० जून

वहिनी,

तुमचं उत्तर आजच्या लाँचने येईल, आणि मी त्याच लाँचने जाणार, म्हणजे ते मी पाण्यावरच वाचेन. हे पत्र टपालात पडणार नाही, मीच हातात देईन. तरी लिहितोय, कारण समोर आलो की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागेन आणि हे राहून जाईल.

बॅग भरली. काय भरायचं होतं म्हणा. रंगाने माखलेले दोन शर्ट आणि मिस्त्रींनी दिलेला एक शिंपला. मिस्त्री सकाळपासून माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. मी म्हटलं, काही चुकलं का? म्हणाले, "तुझं काय चुकणार. पुढची पत्र्यांची रांग अर्धी रंगवून ठेवलीयस. अर्धी लाल, अर्धी गंजकी. आता नवा माणूस येईपर्यंत मी रोज तिच्याकडे बघत बसायचं." मी गेलो आणि ती रांग पुरी करायला लागलो. पुरी झाली नाही. त्या भागात पत्रा इतका खाल्लेला आहे की ब्रश आत जातो. मग तिथेच बसून राहिलो आणि स्वतःवरच चिडत राहिलो. हा असला माणूस पंचांसमोर उभा राहून म्हणणार, हे माझं आहे, मी सोडलेलं नाही. ते विचारतील, बाकीचं सगळं सोडलंस ना? मग हेच का? मी काय सांगू?

तरीही जातोय. मुद्दाम जातो लिहिलंय. इथे सगळ्यांना तसंच सांगितलं. आचारी म्हणाला, "असं अभद्र बोलू नये." म्हटलं, बोलू दे, एकदा तरी खरं बोलू दे. कप्तानालाही म्हटलं, जातो. त्याने विचारलं, "बदली?" म्हटलं, नाही मिळाला. तो काहीतरी बोलणार होता, पण तेवढ्यात त्याने चष्मा पुसायला काढला आणि पुसतच राहिला.

लाँच दिसतेय. वेळेच्या आधी आलीय आणि नेहमीपेक्षा हळू. दोर मलाच पकडायचा असतो. शेवटचा म्हणून पकडतो आणि मग हे पाकिटात घालतो.

...

पकडला. बांधला. बॅग खांद्यावर होती, ती खाली ठेवून परत टेबलाशी आलोय. तुम्हाला लगेच सांगायला हवं, आणि सांगायला ह्या कागदाशिवाय दुसरं काही नाही.

लाँचवाला खालून ओरडला, "घे रे, तुझा बदली. अर्ध्या वाटेपासून ओकतोय, पण परत फिरू का विचारलं तर नाही म्हणतो." मला वाटलं लाँड्रीतलाच आला, त्याला मिठी मारायला शिडीपर्यंत धावलो. खाली इस्त्रीची पँट घोट्यापर्यंत भिजलेला एक माणूस दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. पाण्याच्या भीतीने पुलावरून जातानासुद्धा डोळे मिटून घेणारा. त्याने वर बघितलं नाही. नुसतं विचारलं, "ब्रश कुठे ठेवतोस?"

वहिनी, दादा आलाय.